उजव्या हाताची खिडकी

अहमदपूरच्या लिंबाजी सोनकांबळे सरांना स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. आपण मोठे चित्रकार नाही, हे त्यांना नोकरी लागली त्याच वर्षी कळलं होतं. शाळेतला चित्रकलेचा शिक्षक म्हणजे गॅदरिंगचा पडदा रंगवणारा, पाहुण्यांचं नाव पाटीवर काढणारा, फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणारा आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प बसवणारा माणूस, हेही त्यांनी हसत मान्य केलं होतं. एकतीस वर्षं हे सगळं त्यांनी बिनतक्रार केलं. गैरसमज एकच होता. आपल्याला उजेडातलं कळतं, असं त्यांना वाटायचं.

आता ही गोष्ट ते स्वतःच सांगतात. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुणी ऐकून घेईल तिथे. सांगताना स्वतःला ‘तो शहाणा’ म्हणतात. ‘मग तो शहाणा काय करतो,’ असं म्हणून चहाचा घोट घेतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. इथे ती त्यांच्याच बाजूने सांगितली आहे. जिथे ते स्वतःला फारच शिव्या देतात, तिथे तेवढी सूट घेतली आहे.

सर जन्मले अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबणारे. पोराचा हात चांगला आहे हे आधी वस्तीला कळलं, मग शाळेला. चौदा एप्रिलच्या जयंतीचं बॅनर रंगवायला त्याला बोलावणं यायचं. बाबासाहेबांचा चष्मा त्याला इतका छान जमायचा, की आसपासच्या तीन गावांतून नुसता चष्मा काढायला त्याला सायकलवर बसवून न्यायचे. चेहरा दुसरा कुणीतरी काढायचा. ‘म्हणजे तवाच कळायला पाहिजे होतं,’ असं सर सांगतात, ‘की या शहाण्याला चष्मा काढता येतो, पण त्याच्या आतून बघता येत न्हाई.’

दहावीनंतर काही वर्षं इकडेतिकडे पाट्या रंगवून तो चित्रकला शिक्षकाची पदविका करायला नांदेडला गेला. तिथे एका रविवारी एका भंगारवाल्याकडे त्याला ते चित्र सापडलं. निजामाच्या काळातल्या कुण्या अधिकाऱ्याच्या घरातलं सामान विकायला आलं होतं. तुटक्या आरामखुर्च्या, पितळी पिकदाण्या, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली काळी चौकट. काचेला तडा गेलेला, पण आत कागद धड होता.

चित्रात एक खोली. डाव्या कडेला उंच खिडकी, तिच्यातून तिरपा उजेड आत येतो. मधोमध एक बाई आपल्याकडे तोंड करून शिवत बसलेली. तिच्या पायाशी पाळणा. मागे जरा अंधारात टेबलाशी एक म्हातारा काहीतरी लिहितोय. त्याच्याही मागे एक दगडी खांब, तो कशाला ते ठाऊक नाही, कारण त्याच्यावर छत दिसत नाही. बाईच्या अंगात चुण्याचुण्यांचा लांब झगा. जुन्या ग्रीक-रोमन मूर्ती बघून घरातल्या साध्या माणसांनाही त्याच थाटात बसवायची एक पद्धत दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपात आली होती, हे त्याने पुढे पुस्तकात वाचलं. त्या दिवशी त्याला एवढंच दिसलं की एका घरात एक बाई शिवतेय आणि सगळं घर तिच्याभोवती शांत बसलंय.

आणि रेघा! सगळं चित्र तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने कोरून मग कागदावर छापलेलं. रंग नाही, करड्या रंगाचा नुसता हातही फिरवलेला नाही. अंधार हवा तिथे उभ्या-आडव्या रेघांची दाट जाळी, उजेड हवा तिथे विरळ रेघा, आणि बाईच्या कपाळावर, मनगटावर, पाळण्याच्या काठावर रेघच नाही, नुसता कोरा कागद. लिंबाजी तिथेच उकिडवा बसला. म्हणजे उजेड काढायचा नसतो, सोडायचा असतो! एवढी मोठी गोष्ट आपल्याला भंगारात सापडावी याचा त्याला आनंदही झाला आणि वर्गातल्या गुरुजींचा थोडा रागही आला.

नोकरी लागली, तसं ते चित्र त्याच्याबरोबर अहमदपूरला आलं. दरवर्षी नववीच्या वर्गात एक तास त्या चित्राचा. सर चौकट टेबलावर उभी करायचे आणि छडीने दाखवायचे. बाईचं डोकं, पाळणा, म्हाताऱ्याचे गुडघे, हा झाला त्रिकोण. त्रिकोणामुळे चित्र स्थिर होतं. उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून नजर भटकत नाही. खिडकी, कपाळ, हात, पाळणा, अशी ती पायऱ्या उतरावी तशी उतरते. मुलं त्यांना पाठीमागे ‘त्रिकोण सर’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

लग्न झालं धर्माबादकडच्या पंचफुलाशी. ती शिवणक्लास केलेली, माहेराहून पायमशीन घेऊन आलेली. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने तिला चित्रापुढे उभं केलं आणि तासाचं व्याख्यान दिलं. तिने पदराने काच पुसली, जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, “हिच्या झग्याला शिवण कुठं हाय?”

“शिवण बघायची नसते. रचना बघ.”

“रचना बघितली. पण बिगरशिवणीचा झगा अंगावर राहतो कसा?”

सरांना तिची दया आली. शिकेल हळूहळू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. कोण कुणाला शिकवणार होतं, हे त्या शहाण्याला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर, मुलगी विशाखा पाच वर्षांची असताना, त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. बांधणारा गवंडी व्यंकटी. त्याने विचारलं, “सर, खिडकी कुठं काढू?” दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, वारा येईल तिथे काढ. सरांनी चौकट आणली, विटांच्या ढिगाला टेकवली आणि सांगितलं, “इथं काढ. हुबेहूब.”

झालं. दारातून आत पाहिलं की डाव्या भिंतीला उंच खिडकी. खोलीच्या मधोमध पायमशीन, दाराकडे तोंड करून. मशीनवर पंचफुला. पाळण्याच्या जागी चिंध्यांची टोपली. खांब तेवढा परवडला नाही. दिवसा ट्यूबलाइट लावायची नाही असा नियम झाला, कारण दोन बाजूंनी उजेड आला की चित्र फुटतं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, अदबीने थोडं अंतर सोडून, ते चित्र लटकलं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी भिंतीवरचं चित्र आणि मग बसलेली बायको दाखवण्यात येऊ लागली. “सेम टू सेम,” असं सर म्हणायचे. पाहुणे ‘हाव, हाव’ म्हणत माना डोलवायचे आणि चहा कधी येतो ते बघायचे.

संध्याकाळी साडेपाचला सर शाळेतून आले की सायकल भिंतीला लावायचे आणि आत शिरण्याआधी मिनिटभर दारात उभे राहायचे. खिडकीतून उजेड येतोय, तो पंचफुलाच्या कपाळावर पडलाय, पायाशी टोपली, हातात कापड. दिवसभरात किती पोरांनी रंगाच्या पाण्यात वही बुडवली, हेडमास्तर काय बोलले, सगळं त्या एका मिनिटात धुऊन निघायचं. मग ते आत येऊन म्हणायचे, “चहा ठेव.”

पंचफुलाबाईंच्या हाताचं नाव मात्र गावात सरांपेक्षा मोठं झालं. ब्लाऊज शिवावं तर तिनेच. बाजारातल्या कापडदुकानदाराच्या घरच्या शिवकांताबाई वीस वर्षं दुसऱ्या कुणाकडे गेल्या नाहीत. बाहीला सुरकुती नाही, गळ्याला झोळ नाही, आणि शिवण अशी सरळ की पट्टी लावून बघावी. सर हे सगळं उजेडाच्या नावावर मांडायचे. “खिडकी कुठं पाहिजे ते कळावं लागतं,” असं ते लोकांना ऐकवायचे. पंचफुलाबाई दोऱ्याचं टोक दातांनी तोडायच्या आणि पुढचं कापड हातात घ्यायच्या.

मागच्या मे महिन्यात सर निवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पाटीवर नाव दुसऱ्याने काढलं आणि ते वाकडं काढलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि सर घरीच राहिले. चित्रातली एक जागा तेवीस वर्षं रिकामी होती, ती आता भरली. त्यांनी मशीनच्या मागे जरा अंधाऱ्या बाजूला टेबल-खुर्ची टाकली आणि म्हाताऱ्याच्या जागी स्वतः बसू लागले. सकाळी दहापासून साडेपाचपर्यंत, पेपर वाचत, अधूनमधून मान वर करून उजेड बघत. मधूनच उठून दारात जायचे आणि सगळं जागच्या जागी आहे ना ते बघून परत यायचे.

आणि पंचफुलाबाईंची शिवण बिघडू लागली.

आधी एक बाही आखूड झाली. मग एका गळ्याची पट्टी फिरली. मग टाके इकडेतिकडे पळू लागले, उसवून पुन्हा शिवावं लागू लागलं. जी बाई दिवसाला चार ब्लाऊज हातावेगळी करायची तिला दोन होईनात. ती वाकून, मान तिरकी करून, कापड नाकाशी धरून शिवायची आणि संध्याकाळी कपाळ दाबत बसायची. सरांनी तिला लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाप्रमाणे नंबर आहे, तेवढा चष्मा लावा, बाकी काळजीचं काही नाही. चष्मा आला. शिवण वाकडी ती वाकडीच.

त्याच दिवसांत पंचफुलाबाईंना नवऱ्याच्या तब्येतीची आणि कलेची भलतीच काळजी वाटू लागली. “जरा फिरून या की.” सर चौकापर्यंत जाऊन अर्ध्या तासात परत. “वाचनालयात बसा की दिवसभर.” वाचनालयात पेपर एकच आणि वाचणारे अकरा, सर परत. एके दिवशी तर तिने पोळीभाजीचा डबा बांधूनच हातात दिला. “इस्लापूरला सहस्रकुंडाचा धबधबा हाय म्हणं. लई चांगला दिसतो आता. चित्र काढून या. घाई करू नका, तिकडंच कुठं मुक्काम पडला तरी चालंल.” सरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हिने आपल्यातला कलावंत पहिल्यांदाच ओळखला, असं वाटून त्यांनी बसमध्ये शेजारच्या प्रवाशालाही तसं सांगितलं.

नांदेडला विशाखा नोकरीला आहे. तिच्याकडे सर एकदा चार दिवस राहून आले, तर त्या चार दिवसांत अकरा ब्लाऊज झाली होती आणि एकातही खोट नव्हती. “बघ, चष्म्याची सवय झाली,” असं सर म्हणाले आणि आपल्या खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी शिवकांताबाई आल्या. भाचीच्या लग्नातलं ब्लाऊज होतं, त्याची पाठीची शिवण बोटभर सरकली होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ब्लाऊज घडी करून पिशवीत ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “पंचफुलाबाई, लई केलं तुम्ही. आता आराम करा.” त्या गेल्यावर पंचफुलाबाईंनी मशीनच्या चाकावरून एकदा हात फिरवला. मग उठून त्यांनी उदगीरच्या नीलम्माला फोन लावला. नीलम्मा नवं शिवणाचं दुकान टाकत होती आणि तिला जुनी, दणकट मशीन हवी होती. रविवारी टेम्पो घेऊन येते म्हणाली.

“इकून टाकते मशीन,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “हात ऱ्हायला न्हाई आता.”

सरांना वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण त्यांच्या वाईट वाटण्यातही अर्धा वाटा चित्राचा होता, हे ते आता कबूल करतात. मशीन गेली तर मधली बाई काय नुसती बसून राहणार?

रविवारच्या आधीचा गुरुवार. लातूरला चित्रकला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि जुने जाणते म्हणून सरांना व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांचाच, गृहजीवनाच्या चित्रातली रचना आणि प्रकाश. सर चौकट सोलापुरी चादरीत गुंडाळून सकाळच्या एसटीने निघाले. खिडकीजवळची जागा चित्राला दिली आणि स्वतः कडेला बसले.

सभागृहात साठेक शिक्षक होते. कुणीतरी चित्राचा फोटो काढून मोठ्या पडद्यावर टाकला. एवढं मोठं चित्र सरांनीही कधी पाहिलं नव्हतं. ते सुरू झाले. त्रिकोण झाला. एका बाजूचा उजेड झाला. खिडकी, कपाळ, हात, पाळणा झालं. सर रंगात आले होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. निलंग्याकडच्या शाळेत नुकत्याच लागलेल्या मंजुश्री मॅडम होत्या.

“सर, एक विचारू का? ही बाई डावखुरी आहे का?”

सरांनी पडद्याकडे पाहिलं. सुई बाईच्या डाव्या हातात होती. एकतीस वर्षं त्यांनी तो हात छडीने दाखवला होता.

“असंल की,” ते म्हणाले. “डावखुऱ्या बाया नसतात का?”

“नसतात कसं, असतात. पण सर, तो म्हाताराही डाव्या हातानंच लिहितोय.”

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. मंजुश्री मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि आदराने म्हणाल्या, “सर, ठसा उलटा उमटतो ना. कोरणाऱ्यानं समोरचं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं असेल, म्हणून छापल्यावर डाव्याचं उजवं झालं असेल. आपण मुलांना बटाट्याच्या ठशात नाव उलटं कोरायला सांगतो, तसं त्यानं केलं नसेल.”

त्यांनी पुढे येऊन कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र एका झटक्यात फिरलं. खिडकी दुसऱ्या बाजूला गेली. सुई बाईच्या उजव्या हातात आली, म्हाताऱ्याची लेखणीही. आणि उजेड आता बाईच्या डाव्या हाताकडून येत होता.

“बघा, मूळ चित्रकारानं किती विचार केलाय,” मंजुश्री मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. “शिवणाऱ्या हाताची सावली कामावर पडू नये म्हणून उजेड डावीकडून घेतलाय.”

उजेड डावीकडून घ्यावा! चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला दरवर्षी हॉलमध्ये फिरून हे वाक्य कोण ओरडायचं? लिंबाजी सोनकांबळे. “उजेड डाव्या हाताला ठेवा रे, न्हाईतर कागदावर हाताचीच सावली पडंल.” बाकं ओढून, मुलं उठवून, नवी जागा देऊन. एकतीस वर्षं. आणि घरी पंचफुलाच्या उजव्या हाताला खिडकी. त्यात शिवणयंत्राचं सगळं अवजड अंग, चाकासकट, उजवीकडेच असतं. सुईच्या आणि खिडकीच्या मधोमध. म्हणजे एक सावली मशीनची, दुसरी हाताची, आणि त्या दोन सावल्यांच्या पोटात सुई. वर ट्यूबलाइट लावायची नाही, चित्र फुटतं!

सभागृह वाट बघत होतं. सरांनी छडी टेबलावर ठेवली.

“मॅडमचं बरोबर हाय,” ते म्हणाले. “मी पोरांकडून पोतंभर बटाटे उलटे कोरून घेतले. सगळ्यात मोठा बटाटा माझ्याच मानेवर होता, तो ऱ्हाऊन गेला.”

साठ शिक्षक हसले, टाळ्याही पडल्या. संयोजकांना वाटलं, सरांनी मुद्दाम रंगवून सांगितलं. जेवायला थांबा म्हणाले, पण सर थांबले नाहीत. चौकट चादरीत गुंडाळली आणि स्टँड गाठला.

परतीच्या बसमध्ये एक कोडं मात्र सुटेना. खिडकी चुकीची होती, मान्य. पण मग तेवीस वर्षं हिची शिवण सरळ कशी? ती बिघडली या आठ महिन्यांत. मधेच चार दिवस सुधारली. चार दिवस. नांदेडचे. सहस्रकुंडाला गेलो त्या दिवशीही दोन ब्लाऊज धड झाली होती. वाचनालय. चौक. ‘तिकडंच मुक्काम पडला तरी चालंल.’ चाकूर मागे पडलं आणि सरांच्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. शेजारच्या माणसाने विचारलं, “काय सर, बरं वाटत न्हाई का?” सर म्हणाले, “न्हाई.” आणि ते खरंच होतं. त्यांना इतकी लाज वाटत होती की पुढचा स्टॉप आलाच नाही तर बरं, असं वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. गल्लीच्या तोंडापासूनच मशीनचा आवाज येत होता. एकसारखा, भरधाव, कुठेही न अडखळणारा. हा आवाज त्यांनी या घरात कधी ऐकला नव्हता. ते घरी असताना मशीन नेहमी थांबत थांबत चालायची.

दार उघडं होतं. आत पंचफुलाची पाठ दिसत होती. मशीन पूर्ण फिरवलेली, तोंड भिंतीकडे, आणि खिडकी तिच्या डाव्या हाताला. लोखंडी पायांखाली जुन्या लुगड्याचे तुकडे, फरशीवर अलगद सरकावं म्हणून. उजेड तिच्या कपाळावर पडला होता का, ते दारातून दिसतच नव्हतं. तो सुईवर पडला होता, आणि सुईखालून जांभळं कापड पाण्यासारखं वाहत होतं. ती ताठ बसली होती. मान तिरकी नव्हती, कापड नाकाशी नव्हतं. चष्मासुद्धा डोक्यावर चढवलेला होता.

शिवण संपली. तिने दोरा तोडला, वळली, आणि दारात नवरा. ती दचकून उभी राहिली आणि आपसूक तिचे दोन्ही हात मशीनच्या कडेला गेले, फिरवायला.

“राहू दे,” सर म्हणाले.

“लवकर आलात. भाषण झालं न्हाई का?”

“झालं. पंचफुला, किती वर्षं झाली ही मशीन फिरवून राहिलीस?”

ती खाली बसली. खोटं बोलायचं की नाही याचा तिने क्षणभर विचार केला असावा. “घर झालं तवापासून,” ती म्हणाली. “तुम्ही शाळेत गेले की फिरवायची. पाच वाजता परत.”

“रोज?”

“रईवारी अन् सुट्टीत न्हाई. तवा तुम्ही घरी. मग काजं-बटणं करायची हातानं.”

“अन् मला सांगायचं न्हाई?”

“पैल्या आठवड्यातच सांगणार होते. तेवढ्यात तुम्ही साळंतून आलात, सायकल लावली अन् दारात उभं राहून बघायला लागलात. म्हणलं, जाऊ दे, उद्या सांगू.” तिने हातातल्या दोऱ्याची गुंडी केली. “दुसऱ्या दिवशी बी उभे राहिलात. मग रोजच.”

“म्हणून मशीन इकायला निघालीस? पण सांगायचं न्हाई?”

“आता सांगायचं म्हणलं तर एवढी वर्षं तुमाला फसवलं, हे बी सांगावं लागलं असतं.” मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, “लग्नाला सात वर्षं झाली होती तवा. त्याच्या आधी तुम्ही मला उभं राहून कधी बघितलं होतं, सांगा बरं. दिवसातून तेवढं एक मिनिट बघायचात. मशीन फिरवून ठेवली असती तर माझी पाठच दिसली असती.”

इथे सर गोष्ट सांगताना नेहमी थांबतात. कारण इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. होय, तुलाच बघत होतो, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पण त्या दिवशी एवढं उघडं पडल्यावर आणखी एक खोटं त्यांच्याने बोलवेना.

“मी तुला बघत नव्हतो,” ते म्हणाले. “मी उजेड बघायचो. कपाळावर नीट पडला का न्हाई ते.”

“ठाऊक हाय की मला,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “पण तोंड तर माझंच होतं.”

सर उंबऱ्यावरच बसले, चौकट मांडीवर तशीच चादरीत. त्यांना रडू आलं. बायकोसमोर ते पहिल्यांदाच रडले आणि तेही दारात, गल्लीतून येणारे-जाणारे बघत असताना. पंचफुलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि “लोकं बघून राहिलेत, आत या,” म्हणाल्या. सर आत आले. आधी त्यांनी उदगीरला फोन लावला आणि नीलम्माला सांगितलं की बाई, माफ करा, टेम्पो आणू नका, मशीन द्यायची नाही. नीलम्मा बरंच बोलली. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी अंधाऱ्या बाजूची आपली खुर्ची उचलली आणि जागा शोधू लागले. दारातून पाठ दिसत होती. भिंतीकडे मशीन आणि टेबल यांच्यामध्ये बसायला जागा उरली नव्हती. राहिल्या दोन बाजू, त्यातली खिडकीकडची त्यांना बरी वाटली. तिथे खुर्ची टाकून ते बसले. पंचफुलाबाईंनी जांभळ्या ब्लाऊजची दुसरी बाही सुईखाली घातली, चाकाला हात लावला आणि थांबल्या.

“काय बघून राहिलात?”

“तुला.”

त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. चेहरा लाल झाला होता, पन्नाशी उलटलेल्या बाईचा होतो तेवढा.

“मग तिकडून बघा की,” त्या म्हणाल्या. “सगळा उजेड अडवून राहिलात.”